ब्रिजमध्ये टाकलेल्या पोर्टवर कच्च्या फ्रेम: सॉकेट गप्प का झालं

मागच्या टप्प्यावर दोन लिनक्स मशीनमध्ये माझ्या स्वतःच्या इथरटाइपच्या (आत कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारा आकडा) इथरनेट फ्रेम कच्च्या सॉकेटमधून येऊ-जाऊ लागल्या होत्या. इथरटाइप हेक्स ८८बी५, म्हणजे प्रयोगांसाठीच राखून ठेवलेला. मग इथ० हा नेटवर्क पोर्ट मी बीआर० नावाच्या ब्रिजमध्ये (अनेक पोर्ट जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) टाकला आणि फ्रेम घेणारा प्रोग्राम एकदम गप्प झाला. एरर नाही, काही नाही, रिसिव्हवर नुसता थांबून राहिलेला. शेजारच्या टर्मिनलमध्ये टीसीपीडंप (फ्रेम दाखवणारं साधन) मात्र त्याच इथ० वर तीच फ्रेम दाखवत होता.

आधी बाइट-ऑर्डर (आकड्यातल्या बाइटांचा क्रम) तपासली, ती बरोबर होती. शेवटी लिनक्स कर्नलची नेट/कोअर/डेव्ह.सी ही सोर्स फाइल उघडून बसलो. फ्रेम आत आली की पहिल्यांदा ईटीएच_पी_ऑल, म्हणजे सगळे प्रोटोकॉल, मागणाऱ्या सॉकेटांना मिळते. मग त्या इंटरफेसवर आरएक्स हँडलर (आलेली फ्रेम हाताळणारं फंक्शन) बसलेला असेल तर त्याच्याकडे जाते. ठरावीक इथरटाइप मागणाऱ्यांचा नंबर त्याच्याही नंतर. ब्रिजचा हँडलर फ्रेम ताब्यात घेतो आणि 'कन्झ्यूम्ड' असं उत्तर देतो, तिथेच इथ० पुरता विषय संपतो. टीसीपीडंप ईटीएच_पी_ऑल मागतो, म्हणून त्याला आधीच सगळं मिळालेलं असतं.

तरी एक गोष्ट खटकत होती. एलएलडीपीसाठी (शेजारची उपकरणं ओळखण्याचा प्रोटोकॉल) ८८सीसी हा इथरटाइप मागणारं सॉकेट त्याच पोर्टवर व्यवस्थित चालत होतं. ते का? तर त्या फ्रेम ०१:८०:सी२:००:००:०ई या पत्त्यावर जातात. असा पत्ता ब्रिज एरवी पुढे पाठवत नाही, हँडलर 'पास' म्हणतो आणि फ्रेम पोर्टवरच्या सॉकेटपर्यंत पोचते. मग मी माझीच ८८बी५ ची फ्रेम या पत्त्यावर पाठवून पाहिली. दुसरं काहीही बदललं नव्हतं, आणि गप्प बसलेल्या सॉकेटने ती लगेच छापली! कोड वाचून समजणं वेगळं आणि हे डोळ्यांनी पाहणं वेगळं.

उपाय म्हणून आधी सॉकेट बीआर० ला बाइंड केलं, म्हणजे जोडलं. ब्रॉडकास्ट आल्या, इथ० च्या पत्त्यावरच्याही आल्या, कारण पोर्टचा पत्ता ब्रिज स्थानिक म्हणूनच धरतो. पण फ्रेम कुठल्या पोर्टातून आली ते कळेना. पॅकेट_ओरिजडेव्ह (मूळ इंटरफेस सांगणारा सॉकेटचा पर्याय) लावूनही बीआर० चाच क्रमांक येतो, कारण ब्रिज फ्रेम वर देतो ती बीआर० वर नव्याने आल्यासारखी. मला पोर्ट कळायलाच हवा, त्यामुळे हा मार्ग बाद.

आता इथ० वरच ईटीएच_पी_ऑल घेतोय, सोबत बीपीएफ फिल्टर (कर्नलमध्ये चालणारी छोटी चाळणी): बाराव्या ऑफसेटला, म्हणजे इथरटाइपच्या जागी, ८८बी५ नसेल तर फ्रेम कर्नलमध्येच सोडून द्यायची. बाहेर जाणाऱ्या फ्रेमही यात दिसतात. त्या टाळण्यासाठी कर्नल ४.२० पासून आलेला पॅकेट_इग्नोअर_आउटगोइंग लावला. क्रमही सांभाळा: सॉकेट प्रोटोकॉल ० देऊन उघडायचं, फिल्टर जोडायचा, मगच बाइंडमध्ये प्रोटोकॉल द्यायचा. नाहीतर मधल्या वेळात सगळ्या इंटरफेसच्या फ्रेम रांगेत येऊन बसतात. हे माझ्या पहिल्या आवृत्तीत झालं होतं.

व्हीलॅनचं (एकाच नेटवर्कचे टॅग लावून केलेले आभासी भाग) काम बाकी आहे. टॅग फ्रेममधून आधीच काढलेला असतो, तो पॅकेट_ऑक्सडेटामधून (फ्रेमसोबत मिळणारी जास्तीची माहिती) वाचावा लागेल. पुढची नोंद त्यावर.