तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुषांचा मेंदूच तसा असतो का?

हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीत, एकदा तर परभणीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना. आवाज खाली आणून प्रश्न तोच: "मॅडम, त्या बाबतीत पुरुषांचा मेंदूच वेगळा असतो म्हणे. खरंय का?" विचारणारी कधी सून असते, कधी तिची सासू. मी हसून विषय बदलते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. त्यातलं ते 'म्हणे' आमच्या भागात मीच पसरवलंय.

2004 साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 14 पुरुष आणि 14 स्त्रियांना एमआरआयमध्ये झोपवून कामुक चित्रं दाखवली. पुरुषांच्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या बदामाएवढ्या भागात, जास्त हालचाल दिसली. हायपोथॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागातही. मी नुकता दवाखाना टाकला होता, काहीतरी नवं सांगायची हौस होती. एका गावात बचत गटापुढं ठणकावून सांगितलं, "त्यांचा मेंदूच तसा असतो. तुम्ही समजून घ्या." बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

त्यांच्यातलीच एक पुढं बाळंत झाली आणि अठराव्या दिवशी परत आली. टाके उसवलेले, अंगात ताप. बाहेर लिंबाखाली तिची आई बाळ घेऊन बसलेली. जखम धुताना मी तिच्यावरच डाफरले, "सव्वा महिना तरी पाळायचा ना! कळत नाही का तुला?" ती छताकडं बघत होती. म्हणाली, "तुमीच म्हणल्या नव्हत्या का बाई, त्यांचा मेंदूच तसा असतो म्हणून? म्याच घरी जाऊन हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी तेच मला ऐकवलं. मग म्या काय म्हणू?"

सिस्टरनं ट्रे पुढं केला. मी गरज नसताना हातमोजे बदलले. जखमेत पू झालेला, पुन्हा टाके घालता येईनात. ती उघडीच ठेवून भरून येईस्तोवर ती बाई ड्रेसिंगला येत राहिली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही नाही. माफी मागायचं मनात आलं होतं. डॉक्टरनं पेशंटची माफी मागायची आपल्याकडं रीत नाही, असं स्वतःला समजावलं.

तुम्ही म्हणाल, त्या नवऱ्याला कारण लागणारच नव्हतं. मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आले. माझ्या भाषणाआधी तो काही साधू नव्हता! खरंय. पण डॉक्टरीणबाईचा दाखला त्याला मी दिला. आणि तोही खोटा. त्याच अभ्यासात स्त्रियांनी जास्त उत्तेजना सांगितली तेव्हाही हा फरक कायम होता. म्हणजे त्या बदामावरून इच्छा मोजता येत नाही. मशीनला रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार कळतो, माणसाला स्वतःला आवरता येतं की नाही ते कळत नाही. हे मी तेव्हाही वाचलं होतं. सांगितलं नाही, कारण मग बायका हसल्या नसत्या.

2019 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी 61 अभ्यास, 1,850 माणसं एकत्र धरून तपासली. स्त्री असो की पुरुष, उत्तेजनेत मेंदूचे तेच ते भाग जागे होतात, असं निघालं. वाचून सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी उलटं भाषण ठोकायच्या तयारीत! पण तेच भाग जागे होतात म्हणजे तितकेच जागे होतात, असं नाही. फरक नाहीच, हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

परवा एका तरुण मुलीनं विचारलं, "आणि आपल्या मेंदूचं काय, मॅडम?" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. 2010 च्या एका मोठ्या आढाव्यातला आकडा माझ्या जिभेवर आला: उत्तेजनेची शरीरावरची खूण आणि 'उत्तेजना वाटली का' याचं तोंडचं उत्तर यांचा मेळ पुरुषांत 0.66, स्त्रियांत 0.26. पूर्ण जुळलं तर 1. मी तो गिळला. ही घरी जाऊन हसत हसत सांगेल आणि कुणीतरी तिला म्हणेल, तुझं अंग तर हो म्हणतंय. मग वाटलं, तिचं 'नाही' खरं धरा, हे सांगायला याच आकड्याचा उपयोग होईल. मग पुन्हा वाटलं, नको.

म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. बैठक बुधवारी आहे.