सोडत निघाली, पण नावं कळेनात: आरटीई 2024 चा माझा अनुभव

7 जून 2024 ला आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांमध्ये राखीव असलेल्या 25 टक्के मोफत जागांची, सोडत निघाली. कुठल्या मुलाला कुठली शाळा, हे त्या दिवशी ठरलं. पण यादी आम्हा पालकांना पाहायला मिळाली ती 19 जुलैचा उच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर. मधले ते दिवस अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले. ज्यांचं मूल येत्या वर्षी पहिलीला जाणार आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आम्ही पुण्यात वारज्याला भाड्यानं राहतो. मुलीच्या बाबांचा ओबीसीचा दाखला आहे, त्यामुळे वंचित घटकातून अर्ज केला. या घटकाला उत्पन्नाची अट नसते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालत बसतात. एक लाखाची अट आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे.

सगळा घोळ सुरू झाला राज्य सरकारच्या 9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेनं. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला 25 टक्के जागा द्यायचं बंधन नाही, असा नवा नियम आला. पुण्यासारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी वस्ती शोधूनच काढावी लागेल. 16 एप्रिलला अर्ज सुरू झाले. मी यादी उघडली, तर आमच्या गॅलरीतून जिची घंटा ऐकू येते ती शाळाच यादीत नव्हती. होत्या त्या सगळ्या महापालिकेच्या आणि अनुदानित.

मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकले, तिला नावं ठेवणार नाही. पण तिथे प्रवेश घ्यायला आरटीईचा अर्ज लागतोच कशाला? जन्मदाखला घेऊन गेलं की बाई नाव घालून घेतात. खासगी शाळांना या मुलांच्या फीपोटी सरकारकडून मिळणारे पैसे थकले आहेत, सरकारी शाळांचा पट घसरतो आहे, ही कारणं मीही ऐकली. थकबाकी सरकार आणि शाळांमधली आहे. ती सहा वर्षांच्या मुलीच्या वाट्यातून का वळती करायची?

काही पालक आणि संस्था कोर्टात गेल्या. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं नव्या नियमाला स्थगिती दिली. एप्रिलचे अर्ज बाद झाले आणि 17 मेपासून सगळं नव्यानं भरायचं आलं. या वेळी गॅलरीसमोरची शाळा यादीत होती. फॉर्म भरताना नकाशावरचा फुगा अगदी आपल्या घरावर ठेवा. अंतर हवाई मोजतात. आमच्याकडे मध्ये हायवे आहे, भुयारी मार्गानं वळसा घालून जावं लागतं, तरी ती शाळा एक किलोमीटरच्या आतच मोजली गेली. पुढे पडताळणीत फुगा आणि पत्ता जुळला नाही तर मिळालेला प्रवेश रद्द होतो.

आणि मग आला जून. सोडत झाली, तिचा निकाल राखून ठेवला, कारण मूळ खटला कोर्टात चालू होता. पोर्टलवर अर्जाचा नंबर टाकला की तेच ते वाक्य. फोन कुणी उचलत नव्हतं. कार्यालयात गेलं की समोरचे साहेब म्हणायचे, ‘‘ताई, कोर्टाचं आहे, आमच्या हातात काही नाही.’’ मान्य, त्यांच्या हातात नव्हतं. पण सुनावणी कधी आहे, पुढे काय होऊ शकतं, तोवर मुलाला कुठे बसवलं तर चालेल, एवढं एका कागदावर लिहून दाराला चिकटवणं तर हातात होतं? तिथे बाहेर पायरीवर कडेवर मूल घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या.

त्यात अफवा. आरटीई यंदा रद्द होणार. दुसरीकडे नाव घातलं तर सोडतीतून नाव जाणार. ग्रुपवर दर सुनावणीच्या दिवशी शेकडो मेसेज यायचे आणि संध्याकाळी कळायचं, पुढची तारीख. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या. खालची मुलं नवं दप्तर लावून निघाली की माझी मुलगी विचारायची, ‘‘आई, माझी शाळा कुठली?’’ मला उत्तर देता यायचं नाही आणि भयंकर राग यायचा. शेजारच्या ताईंनी धीर सोडला, गळ्यातली चेन मोडून एका खासगी शाळेची फी भरली. पुढे त्यांच्या मुलाचं नाव यादीत आलं. भरलेले पैसे परत मिळेपर्यंत दिवाळी उजाडली.

मी मुलीचं नाव जवळच्या महापालिका शाळेत घातलं. आधी तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘घरी बसवण्यापेक्षा इथे बसू दे. नंबर लागला तर दाखला मी देते.’’ त्यांनी शब्द पाळला. ‘क’ ते ‘ज्ञ’ ती त्या बाईंकडेच शिकली, याचं मला आजही समाधान आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर मूल घरी ठेवू नका. मात्र शाळा सोडल्याचा दाखला आणि ऑनलाइन नोंद दोन्ही वेळेत हलवून घ्या.

19 जुलैला उच्च न्यायालयानं ती अधिसूचनाच रद्द केली. कायद्यानं मुलांना दिलेला हक्क नियम बदलून काढून घेता येत नाही, हे कोर्टानं स्पष्ट केलं. मी पोळ्या लाटत होते, ह्यांनी रस्त्यावरून फोन करून सांगितलं आणि मी तशीच खाली बसले. यादी उघडली तेव्हा आमचं नाव होतं, गॅलरीसमोरच्या शाळेत. एसएमएसवर विसंबू नका, आम्हाला तो आलाच नाही. पोर्टलवर स्वतः पाहा.

शाळेत गेले तर उत्तर मिळालं, ‘‘वर्ग भरले.’’ मधल्या काळात काही शाळांनी या जागांवर फी भरणारी मुलं घेतली होती. त्या मुलांना काढू नका, पण 25 टक्के जागा द्याच, असं निकालात होतं. मी निकालाची बातमी आणि अलॉटमेंट लेटर दोन्हीची प्रिंट घेऊन पडताळणी समितीकडे गेले. तिथून पत्र गेलं आणि प्रवेश झाला. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं शाळांचं म्हणणं फेटाळलं, तोवर आमची मुलगी वर्गात रुळली होती.

भाडेकराराचं राहिलंच. नोटरीचा चालत नाही, नोंदणीकृत हवा, आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. 2025-26 चे अर्ज तर जानेवारीतच सुरू झाले, तेव्हा डिसेंबरपर्यंत करार करून ठेवा. घरमालक टाळत असतील तर नोंदणीचा खर्च आपण करू म्हणावं. आमचे मालक त्यावरच तयार झाले.