बेडौल मोत्याचं विशेषण

गोल, टपोरा, पाणीदार मोती नथीत जातो. कुठे फुगलेला, कुठे दबलेला असा वेडावाकडा मोती बाजूला पडतो. अशा मोत्याला पोर्तुगीज लोक ‘बार्रोको’ म्हणत. पुढे फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रजी अशा सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तो शब्द उचलला, आणि त्याचं ‘बरोक’ हे विशेषण झालं. पुढे युरोपातल्या एका नटव्या, वळणदार कलाशैलीचंही तेच नाव पडलं.

यातली मला आवडणारी गोष्ट गोव्याची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. इथल्या औषधींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात मोत्यांचा विषय निघतो, तेव्हा हे बेढब ‘बार्रोको’ही हजेरी लावतात. युरोपातल्या राजवाड्यांना मागाहून चिकटलेला शब्द त्याआधी मांडवीकाठच्या छापखान्यात खिळ्यांनी जुळवला गेला होता!

या शब्दाची दुसरीही व्युत्पत्ती सांगतात. मध्ययुगीन तर्कशास्त्रात ‘बारोको’ नावाचा अनुमानाचा एक किचकट प्रकार होता. रूसोने आपल्या संगीतकोशात त्याच्या बाजूने कौल दिला. माझं मत मात्र मोत्याला. फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या शब्दकोशात हे विशेषण फक्त मोत्यांपुरतंच आहे. विचित्र, विक्षिप्त हा अर्थ १७४० च्या आवृत्तीत येतो.

तोवर त्याची शिवी झालीच होती. फ्रेंच संगीतकार रामोचा पहिला ऑपेरा १७३३ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी निनावी पत्रात त्याच्या संगीताला ‘बरोक’ म्हणून हिणवलं. सूर कानाला टोचतात, एवढाच त्याचा अर्थ. मान मिळाला तो फार उशिरा. १८८८ मध्ये व्योल्फ्लिन या कलेतिहासकाराने रेनेसाँनंतरच्या या शैलीचा गंभीरपणे अभ्यास मांडला, तेव्हा कुठे बरोकला स्वतःचं घर मिळालं.

सोनारांना मात्र हे आधीच कळलं होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ‘हिरवी तिजोरी’ या संग्रहालयात ऑगस्ट राजाने जमवलेल्या, अशाच बेढब मोत्यांच्या चिमुकल्या मूर्ती आहेत. मोत्याला जिथे फुगवटा, तिथे एखाद्या बुटक्याचं पोट. बाकीचे हातपाय सोन्याचे. मोत्याचा आकार बघायचा आणि त्यात कोण दडलंय ते ओळखायचं. गोल मोत्यात कोण सापडणार?

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या सोन्याने मढवलेल्या मुख्य वेदीवरचे पीळदार खांब बघताना हेच जाणवतं. खांब सरळ असता तरी भार पेललाच असता. पण मग नजर त्याच्यावर इतकी रेंगाळली नसती. हल्ली सोनेरी वेलबुट्टी चिकटवलेल्या कुठल्याही सोफ्याला दुकानदार ‘बरोक’ म्हणतात, ते काही मला पटत नाही. त्यातली वेलबुट्टी फारच सरळ असते.