आत्यासाठी टॅबच!

आज आत्यासाठी खरेदी केली. दादाचा आग्रह लॅपटॉपचा होता. पण संधिवाताने आत्याची बोटं आखडलेली. टचपॅडवर डबल क्लिक काही जमेना, वैतागली बिचारी. मग ११ इंची टॅब हातात दिला. अक्षरं मोठी केली, कीबोर्डवरचा माइक दाबून म्हटलं, "बोल आता." ती बोलली आणि मराठी अक्षरं समोर उमटली! असा चेहरा खुलला तिचा!

ती पोस्टातून निवृत्त. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरातला हयातीचा दाखला २०२१ पासून अँड्रॉइडवर नुसता चेहरा दाखवून देता येतो. पुढचा कॅमेरा किमान ५ मेगापिक्सेलचा हवा, एवढं मात्र बघा. आणि घ्याल तर सिमकार्डवालाच टॅब घ्या, वायफाय गेलं तरी म्हाताऱ्या माणसांचं अडत नाही. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आत्याचा पहिला मेसेज गेलासुद्धा!