रापी

ऑक्सफर्ड सोडून बस शेक्सपिअरच्या गावाच्या, स्ट्रॅटफर्डच्या दिशेने लागली की पर्यटक पेंगायला लागतात. टूर मॅनेजर म्हणून मी त्यावर एक हमखास उपाय शोधला होता. माइक घ्यायचा आणि विचारायचं, "शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरनं लिहिलीच नसतील तर?" मग रोलँड एमरिक यांच्या २०११ च्या 'अनॉनिमस' या चित्रपटाची गोष्ट. त्यात खरा नाटककार आहे ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल, एडवर्ड द व्हिअर. आणि शेक्सपिअर म्हणजे धड लिहिताही न येणारा, दारुडा नट, दुसऱ्याच्या नाटकांवर मिरवणारा. सगळे सावरून बसतात.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेत कोल्हापूरचे एक काका होते. सत्तरी ओलांडलेले, घराण्याचा धंदा चपलांचा. त्यांनी विचारलं, "पण ताई, लोकांना अशी शंका का आली?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. बाप हातमोजे शिवणारा, सहीच्या जागी खूण करायचा. पोरानं विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. राजदरबार, इटली, कायदेकानू त्याला कुठून कळणार?

"माझा बापही अंगठाच लावायचा," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी पुढचं बोलणं आवरतं घेतलं.

स्ट्रॅटफर्डला हेन्ली स्ट्रीटवरच्या शेक्सपिअरच्या घरात त्याच्या बापाची, जॉनची, हातमोज्यांची कार्यशाळा पुन्हा मांडून ठेवली आहे. बाकीची मंडळी ज्या खोलीत शेक्सपिअर जन्मला असं सांगतात तिकडे वर गेली, काका खालीच थांबले. तिथल्या बाईंनी दिलेला कातड्याचा तुकडा त्यांनी बोटांत धरून ताणला, उलटा केला, नाकाशी नेला.

"हे तुरटीचं काम," ते म्हणाले. "आमचं कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरतं, म्हणून तांबूस. हे पांढरं, मऊ. करडाचं असणार. बघा, कसं ताणतंय."

बाईंना मी इंग्रजीत सांगितलं, त्यांनी मान हलवली. जॉन खरोखरच तुरटीनं कातडं कमावणारा होता.

आणि मला 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला विदूषक आठवला. तो म्हणतो, हुशार माणसाच्या हाती वाक्य म्हणजे करडाच्या कातड्याचा हातमोजा, बघता बघता आतली बाजू बाहेर! 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्येही याच कातड्याच्या ताणण्यावरून कोटी आहे. 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये तर एकाची दाढी हातमोजेवाल्याच्या कातडं तासायच्या सुरीसारखी गोल म्हटली आहे. ही वाक्यं मी एम.ए.ला परीक्षेपुरती पाठ केली होती. काकांना ती तिथेच उभ्या उभ्या मराठीत सांगितली.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे बसून वाचलेल्याचं नाही. हातात धरलेल्याचं आहे."

एवढ्यावरून लेखक सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण परतताना मी माइक घेतला आणि एरवी घाईत उरकायची ती बाजू सविस्तर सांगितली. द व्हिअर १६०४ मध्ये वारला. 'द टेम्पेस्ट'मध्ये १६०९ च्या बर्म्युडाजवळच्या जहाजफुटीच्या वृत्तांताच्या खुणा आहेत. १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सनं राणी एलिझाबेथविरुद्ध केलेल्या बंडाच्या आदल्या दिवशी 'रिचर्ड दुसरा' खेळलं गेलं. चित्रपटानं तिथे 'रिचर्ड तिसरा' घातलं. आणि १६२३ चा फोलिओ, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा संग्रह, काढणारे हेमिंग्ज आणि कॉन्डेल हे शेक्सपिअरच्याच नाटक मंडळीतले नट, ज्यांच्या अंगठ्यांसाठी त्यानं मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. सोबत काम करणाऱ्यांना आपल्या कंपनीत कोण लिहितो हे माहीत नसेल? चित्रपट देखणा आहे, मला आवडतो. पण त्याची सगळी मदार 'असल्या घरात असला माणूस जन्मत नाही' यावर आहे, आणि ते वाक्य मी दर फेरीला हसत हसत पुढे पोचवत होते. याची मला खरोखर लाज वाटली.

हॉटेलवर उतरताना काकांनी प्रवेशतिकीट पुढे केलं. "ती दाढीची ओळ लिहून द्या. नातू बसतो अजून धंद्यात, त्याला दाखवीन."

मी तिकिटाच्या मागे लिहिलं, "हातमोजेवाल्याच्या सुरीसारखी गोल दाढी." त्यांनी वाचलं, माझ्याच हातातलं पेन घेतलं, 'सुरी'वर काट मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रापी'.