रुंद फळी, अरुंद जॉइंटर: पीळ काढण्याची माझी पद्धत

टेबलावर मावणारे जॉइंटर (फळीची बाजू सपाट करणारी यंत्रं) बहुतेक १५० ते २०० मिमी रुंदीचे असतात, थिकनेसर (फळीची जाडी एकसारखी करणारी यंत्रं) मात्र ३०० ते ३३० मिमीचे. खरी अडचण याच फरकात आहे. २८० मिमीची फळी थिकनेसरमधून सहज जाते, पण तिचा पीळ, म्हणजे कोपरे एका पातळीत नसणं, निघत नाही. रोलर तिला दाबून सरळ धरतात आणि बाहेर पडताच ती मूळ वळणावर येते. फळी मधोमध चिरून परत जोडण्याचा सल्ला मला पटत नाही. सांध्यावर लाकडाच्या रेषा तुटतात आणि रुंद फळी घेण्याचा अर्थच उरत नाही.

म्हणून मी फळी एमडीएफच्या पाटावर बसवून थिकनेसरमधून काढतो. पाट १८ मिमीचा, फळीपेक्षा जरा लांब. रोलर फळीला पुढे ओढतात, त्यामुळे पाटाच्या पुढच्या टोकाला बुटकी आडपट्टी लावतो. फळी तिला टेकते आणि पाट सोबत चालतो. फळीची खोलगट बाजू खाली. दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं की पीळ लगेच दिसतो. अधांतरी कोपऱ्यांखाली पाचरी सरकवायच्या, उंची दोन्ही टोकांत वाटून. सगळी एकाच कोपऱ्याला दिली तर तिथे लाकूड दुप्पट जातं. पाचर नुसती टेकली पाहिजे, फळी उचलली जाता कामा नये. मधल्या पोकळीलाही आधार हवाच, नाहीतर रोलरखाली फळी तिथे दबते आणि पाटावरून काढल्यावर फुगीर निघते. पाचरी हॉट ग्लूने पक्क्या करतो.

वरच्या बाजूवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारतो आणि एका वेळी अर्धा मिमीच काढतो. शेवटची रेघ गेली की पाट काढून फळी उलटायची. टोकांपासून ५०-७० मिमी लांबीपर्यंत हलका खड्डा पडू शकतो, तेवढी लांबी आधीच जास्त धरतो. हव्या त्या मापापेक्षा दोन मिमी जाडी जास्त राखून फळी काही दिवस दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी उभी ठेवतो. आतला ताण मोकळा झाला की ती थोडी हलते, मग शेवटचा हात.

३३० मिमीच्या पुढे राऊटर (फिरत्या पात्याचं हातयंत्र) आणि त्याला सरळ चालवणारे रूळ. काम होतं, पण वेळ फार जातो आणि भुसा घरभर उडतो.

खरी गरज आहे ती ३०० मिमी रुंद, आखूड पण न वाकणाऱ्या टेबलाच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या परवडणाऱ्या जॉइंटरची. मीटरभर टेबलावर दीड-दोन मीटरची फळी नीट सरळ होते. छोट्या कारखान्याला त्याहून लांब टेबल क्वचितच लागतं.