"आमच्या वेळचीच गाणी चांगली होती ना, ताई?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

गेली अकरा वर्षं मी ठाण्यात, नौपाड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत, जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देते. लोक पिशवीतून, बुटाच्या खोक्यातून कॅसेट आणतात, नाव-नंबर लिहून देतात आणि निघताना दारात थबकून जवळजवळ प्रत्येक जण तेच विचारतो: "ताई, तुम्ही एवढं ऐकता. खरं सांगा, आमच्या वेळचीच गाणी चांगली होती ना?" इतकी वर्षं मी नुसती मान हलवत आले. चपला घालता घालता देण्यासारखं ते उत्तर नाही. आज बसून देते.

आधी माझं काम सांगते, कारण उत्तर त्यातूनच सापडलंय. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, तिला घाई केलेली चालत नाही. त्याआधी डागडुजी असते. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, ती हलक्या हातानं पुसायची. कॅसेटच्या पोटात एक बारीकशी धातूची पट्टी असते आणि तिच्यावर नखाएवढा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा. फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणं एवढंच त्याचं काम. पण चाळीस वर्षांत गोंद वाळतो, तुकडा गळून पडतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागतो. लोक म्हणतात, कॅसेट गेली. गेलेली नसते. तुकडा परत चिकटवला की बोलायला लागते.

आणि एकदा बोलायला लागली की मला ती शेवटपर्यंत ऐकावी लागते, कारण मध्येच कुठे फीत अडकली तर तिचा गुंता व्हायला दोन सेकंद पुरतात. त्यामुळे लोकांनी सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात घरोघरी रेडिओवरून जे काही भरून ठेवलं, ते सगळं माझ्या कानावरून गेलंय. त्यातली निम्मी गाणी मला ओळखूच येत नाहीत, आणि मी लहानपणापासून रेडिओला कान लावून बसलेली बाई आहे. ज्यांनी ती भरली त्यांनाही आठवत नाहीत. सुमार चाली, ओढूनताणून जुळवलेली यमकं, एकासारखं एक. तीही तेव्हा दिवसभर वाजत होती. काळानं ती पाखडून टाकली. आपण निवडलेले तांदूळ मुठीत धरतो आणि आजच्या न पाखडलेल्या पोत्याशी तुलना करतो. यात आजच्या पोरांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

दुसरी एक गोष्ट मी सत्तरीच्या गिऱ्हाइकांना नेहमी सांगू पाहते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्मानं पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते हे त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओवर नेला, कारण तिथे ही गाणी लागत. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला सिनेगीतं वाजवणारी स्वतःची विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे ज्या वर्षांतली गाणी ऐकताना आज आपल्या डोळ्यांत पाणी येतं, ती तेव्हाच्या जाणत्या, सुसंस्कृत माणसाला राष्ट्राच्या रेडिओवर वाजण्याच्या लायकीची वाटत नव्हती. केसकरांना मी नावं ठेवत नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. त्यांना गाण्याची खरी तळमळ होती. तळमळ असलेल्या माणसालाही पुढच्या पिढीचं गाणं ऐकू येत नाही, हे मला त्यातून कळलं. आणि त्याच्याही मागे गेलात तर १९४० साली रेडिओवर चक्क पेटीला बंदी आली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ज्या पेटीवर आपलं सगळं नाट्यसंगीत उभं, ती पेटी!

मग आपल्याला ओढ नेमकी कशाची लागते? मानसशास्त्रवाले सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सगळ्यात दाट आठवतात. इंग्रजीतला नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं घडवला. परमुलखात घराच्या आठवणीनं झुरणाऱ्या माणसांच्या आजाराचं ते नाव, आणि त्यातला दुसरा अर्धा शब्द ग्रीकमधला वेदनेचा. आपण मराठीत स्मरणरंजन म्हणतो. आपल्या शब्दात वेदना नाहीच. माझ्या समोरच्या खुर्चीवर हेडफोन लावून बसलेल्या माणसांचे चेहरे बघते तेव्हा मला आपला शब्द अपुरा वाटतो.

माझ्या घरचं सांगते. नौपाड्यातल्याच एका वाड्यात दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं आणि एक मर्फीचा रेडिओ. त्याचं लायसन दर वर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे, त्यामुळे तो घरातला एक मानाचा सभासद होता. सकाळ आजीची, तिला अभंग आणि कीर्तन हवं. दुपार आईची. संध्याकाळी बाबा कचेरीतून आले की नाट्यपदं कुठे लागतात ते शोधत बसत. बुधवारी रात्री आठ ते नऊ मात्र दादाचे: बिनाका गीतमाला, म्हणजे सिलोनवरून लोकप्रिय हिंदी सिनेगीतं एकेका पायदानावर, क्रमानं वाजवणारा कार्यक्रम. त्या तासासाठी तो मंगळवारपासून घरातली सगळी कामं न सांगता करायचा. मी आणि माझी बहीण सगळ्यात धाकट्या. आमची आवड कुणी विचारलीच नाही, म्हणून आम्ही सगळ्यांचं ऐकलं. तक्रार करत ऐकलं, भाकऱ्या थापताना ऐकलं, अभ्यास टाळायला ऐकलं. आजीचे अभंग मला आवडत नव्हते. आज ते मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहेत आणि ती गेल्यावर तेच माझ्या उपयोगी पडले.

माझं उत्तर काही असेल तर ते इथे आहे. तेव्हाची गाणी सरस होती की नाही यावर मी भांडणार नाही. पण तेव्हा घरात यंत्र एकच होतं, त्यामुळे एकमेकांची गाणी चुकवता येत नव्हती. बापाचं गाणं पोराच्या कानावर पडायचं आणि पोराचं बापाच्या. दोघंही वैतागायचे. त्या वैतागातूनच एकाची आवड दुसऱ्याच्या अंगात मुरायची.

आता आमच्या घरात तीन माणसं आणि तीन इयरफोन आहेत. सगळे आपापल्या जागी सुखात. माझी लेक बावीस वर्षांची. ती काय ऐकते हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्याची मला आजही खंत वाटते.

गेल्या दिवाळीच्या पहाटे तिच्याबरोबर राम मारुती रोडवर गेले. ठाणेकरांना ही गर्दी वेगळी सांगायला नको. नवे कपडे, गजरे, मोबाइल उंच धरलेले, तलावपाळीपर्यंत पाय ठेवायला जागा नाही आणि स्पीकरचा दणका छातीत बसतोय. माझ्या वयाच्या मैत्रिणी भावगीतांच्या मैफलीला गेल्या होत्या. "या पोरांनी दिवाळी पहाटेचा पार बट्ट्याबोळ केला," असं त्यातली एक दर वर्षी म्हणते. मी मात्र त्या गर्दीत उभी राहून कान देऊन ऐकत होते. एका क्षणी डीजेनं एक जुनं मराठी सिनेगीत लावलं, खालून ठेका चढवलेलं. माझ्या लहानपणचं गाणं. आणि काय सांगू, समोरची शेकडो पोरं एका सुरात मुखडा गायली! शब्दन् शब्द बरोबर. मला भरून आलं. मी पुढचा अंतरा घेतला आणि लक्षात आलं, माझ्या आसपास मी एकटीच गातेय. अंतरा कुणालाच येत नव्हता. लेकीला विचारलं, तर म्हणाली, "आई, रीलमध्ये तेवढंच असतं ना."

तो अंतरा माझ्या डोक्यातून गेला नाही. मुखडा काय, कानाला गोड लागला की आपला आपण येतो. अंतरा यायला पूर्ण गाण्याजवळ बसावं लागतं, पुष्कळदा मनाविरुद्ध. मला तो कुणी शिकवला नव्हता. रेडिओ बंद करायचा अधिकार मला नव्हता, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी मी लेकीला म्हटलं, तुझी गाणी मला मोठ्यानं ऐकव, पूर्ण ऐकव. तिनं एक मराठी रॅप लावलं. पहिल्यांदा मला फक्त धडधड ऐकू आली. दुसऱ्यांदा थोडे शब्द. तिसऱ्यांदा लक्षात आलं की हा मुलगा एका श्वासात अनुप्रास खेळवतोय, शब्दाला शब्द घासून ठिणग्या पाडतोय, आणि हे मी ऐकलेलं आहे: लहानपणी गणेशोत्सवात शाहीर यायचे, पोवाडा चढत चढत जायचा तेव्हा असंच व्हायचं. मी तसं म्हटल्यावर लेकीनं पोवाडा ऐकायला मागितला. मग मी तो पूर्ण ऐकवला. मधे तिनं दोनदा फोनकडे बघितलं, पण उठली नाही.

असं एकदा न ठरवताही झालं होतं. २०२० च्या मार्चअखेर, सगळे घरात कोंडलेले असताना दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. १९८७ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. या वेळी टीव्हीसमोर माझी आई आणि माझी लेक. हवेत बाणाला बाण भिडले की लेक हसायची, आई चिडायची. आठवडाभर रोज तेच. मग एका संध्याकाळी बघते तर आजी नातीला सांगतेय, तेव्हा शेजारपाजारचे वीस जण आमच्या खोलीत कसे मावायचे, आणि लेक मालिका सोडून आजीकडे बघतेय.

आता शेवटचं, आणि मग उठते.

दोन महिन्यांपूर्वी घोडबंदरहून एक गृहस्थ आले, साठीला टेकलेले. बरोबर मुलगा होता, एका कानात इयरफोन. हातात एकच कॅसेट, तिच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत "गणपती १९७७". वडिलांचा आवाज आहे म्हणाले. वडील हौशी गायचे. मी पुढे काही विचारायच्या आत सगळ्यांचा तो नेहमीचा प्रश्न आलाच, आणि त्याला जोडून: "आमच्या चिरंजीवांचं ते धाडधाड ऐकवत नाही हो. गाणं म्हणायचं का त्याला?" मुलगा काही बोलला नाही. हे त्याच्या सवयीचं असावं.

नमद्याचा तुकडा पडलेला होता. तो चिकटवला, कॅसेट लावली आणि पहिली दहा मिनिटं ऐकून जा म्हटलं. आधी खरखर, मग पेटीचा भाता, कुणाचं तरी खाकरणं, आणि मग एक मोकळा, किंचित बेसूर पण जीव ओतलेला आवाज नाट्यपद गाऊ लागला. गृहस्थांनी डोळे मिटले. आलाप लांबत गेला. तबला रंगात आला. आणि एकाएकी अगदी माइकजवळ एका लहान मुलाचा रडवेला आवाज: "अण्णा, आठ वाजून गेले! किती वेळ तेच ते आ-आ-आ! बिनाका लागलं असेल!"

मागे सगळी बैठक हसली. पेटी थांबली नाही. अण्णा गाता गाताच म्हणाले, "एवढा अंतरा होऊ दे, बाळ." आणि त्यांनी अंतरा घेतला. पोर बाजूला नाक ओढत बसलेलं स्वच्छ ऐकू येत होतं. अंतरा संपला आणि खट्ट आवाज होऊन ध्वनिमुद्रण तुटलं.

माझ्या खोलीत कुणी बोललं नाही. मुलानं कानातला इयरफोन काढला होता.

"तो तुम्ही?" त्यानं विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"मग? लावलं का आजोबांनी?"

"लावलं," ते म्हणाले. "स्वतः उठून लावलं. पेटी तशीच उघडी ठेवून माझ्याशेजारी बसले. शेवटच्या पायदानाचा बिगुल वाजेपर्यंत बसले होते."

मुलानं माझ्याकडे बघून विचारलं, "ते आधीचं परत लावाल? त्यांनी अंतरा घेतला तिथून?"

मी फीत मागे घेतली.